टाय-डायचा लाल पांढऱ्यावर पसरतो, निळा धुण्यात जातो: चुकतंय कुठे?

चौघडी

सहा कॉटन टी-शर्ट आणि मांजरपाटाचे दोन अभ्रे घरी टाय-डाय केले. रंग हवा तसा टिकला नाही. काय काय केलं ते प्रमाणासकट लिहिते, म्हणजे चूक शोधायला सोपं जाईल.

कापड: टी-शर्ट नवे, साध्या पाण्यातून एकदा काढलेले. मांजरपाट दुकानातून आणलं तसंच कोरं.

सोडा: पाच लिटर पाण्यात १२५ ग्रॅम सोडा अ‍ॅश. कपडे दहा मिनिटं बुडवून पिळून घेतले.

रंग: केमिकलच्या दुकानातले सुटे रिअ‍ॅक्टिव्ह रंग, लाल, पिवळा, निळा. प्रत्येकी एक सपाट चमचा (साधारण ३ ग्रॅम) २०० मिली पाण्यात. युरिया घातला नाही.

चक्री घडी घालून रबर बँड लावले, बाटलीने रंग सोडला आणि गच्चीत सावलीला पाच तास ठेवले. दुपार होती, हवा कोरडी आणि गरम.

नंतर गाठी सोडून सगळे कपडे एकाच बादलीत: दहा लिटर पाणी, दोन मुठी मीठ, दोन मोठे चमचे व्हिनेगर. रात्रभर भिजवून सकाळी नेहमीच्या पावडरीने धुतले.

लाल आणि पिवळा चांगले बसले, पण पांढरा राहायला हवा होता तो भाग गुलाबी झाला. निळा पहिल्या धुण्यात निम्मा आणि तिसऱ्या धुण्यात जवळपास सगळा गेला. अभ्र्यांवर रंग नकाशासारखा बसलाय, काही ठिकाणी आत शिरलाच नाही. टी-शर्टांची शिलाई पांढरीच्या पांढरी राहिली.

मीठ-व्हिनेगरचं प्रमाण वाढवू का? दुकानदार डाय फिक्सर देतो म्हणाला, तो घ्यावा का? आणि आहेत ते कपडे वाचतील का?

रंगारीण

मीठ-व्हिनेगर वाढवू नका, पूर्ण बंद करा. पांढऱ्यावर गुलाबी आलं ते त्या बादलीमुळेच.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडला जातो. आयसीआय कंपनीने १९५६ साली प्रोसियन नावाने हे रंग बाजारात आणले. त्याआधीचे डायरेक्ट रंग तंतूला नुसते चिकटून असायचे, म्हणून हळूहळू सुटायचे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा बंध जुळायला तीन गोष्टी लागतात: सोडा, ओलावा आणि ऊब. तिन्ही पुरेसा वेळ मिळाल्या की रंग पक्का झाला, नंतर त्यावर काही करायची गरज नाही. एखादी कमी पडली तर मग मीठ घाला, तुरटी घाला, व्हिनेगर घाला, गेलेली वेळ परत येत नाही.

आता तुमची बादली बघा. सहा टी-शर्ट आणि दोन अभ्रे मिळून सव्वा किलोच्या आसपास कापड. पिळलेलं कापड साधारण आपल्या वजनाइतकं पाणी धरतं, म्हणजे तुमच्या प्रमाणाने त्यात तीसेक ग्रॅम सोडा होता. तेवढा सोडा मारायला पाऊण लिटर व्हिनेगर लागतं, तुम्ही घातलं ३० मिली. म्हणजे बादलीतलं पाणी रात्रभर सोड्याचंच राहिलं. सुटलेला लाल त्यात फिरत होता आणि मीठ त्याला कापडाकडे ढकलत होतं. रंगाच्या घाण्यात, म्हणजे कापड बुडवून रंगवायच्या पाण्यात, मीठ घालतात ते याचसाठी. तुम्ही नकळत पांढरा भाग रीतसर रंगवलात.

व्हिनेगरचं काम रेशीम आणि लोकर अ‍ॅसिड रंगाने रंगवताना. तुरटीचं काम वनस्पतींच्या रंगांत. कापसावर रिअ‍ॅक्टिव्ह लावताना दोन्हींना जागा नाही.

निळ्याचं कारण वेगळं असावं. तिन्ही पाकिटांवर किंवा पावतीवर रंगाच्या नावापुढे काय अक्षरं आहेत ती लिहा, आणि पाणी कुठलं वापरता तेही. तोवर रीत सांगते.

सोड्याचं प्रमाण लिटरला ६० ग्रॅम. तुमचं २५ होतं. पाच लिटरला ३०० ग्रॅम. सोडा पाण्यात भुरभुरत टाका आणि हलवत राहा. सोड्यावर पाणी ओतलंत तर तळाशी दगडासारखा गोळा बसतो. सोडा अ‍ॅश म्हणजे कोरडी पांढरी भुकटी. धुण्याच्या सोड्याचे काचेसारखे खडे मिळाले तर त्यांच्यात पाणीच निम्म्याहून जास्त असतं, ते वजनाने पावणेतीन पट घ्यावे लागतात. खाण्याचा सोडा चालत नाही, तो पुरेसा अल्कली नाही. कॉस्टिक सोड्याला तर हातच लावू नका. कापड सोड्यात किमान वीस मिनिटं, जाड असेल तर अर्धा तास. मग मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवून काढलं तर सगळीकडे सारखं ओलं राहतं. हाताने पिळलेल्या कापडात पाण्याच्या जागा राहतात आणि तिथे रंग फुटतो. उरलेलं सोड्याचं पाणी झाकून ठेवा, महिनोन्महिने चालतं. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो.

रंगाआधी युरियाचं पाणी करून घ्या: लिटरला १०० ग्रॅम. युरिया पाण्यात पडला की बाटली हाताला गार लागते, म्हणून पाणी कोमट घ्या, नाहीतर रंग नीट विरघळत नाही. युरियाचं काम ओलावा धरून ठेवण्याचं. तुमच्या गच्चीत नेमकं तेच बिघडलं. गरम कोरड्या हवेत गाठोड्याचा वरचा थर तासा-दोन तासांत वाळतो, आणि वाळलेल्या कापडात पुढची क्रिया थांबते. खताच्या दुकानातल्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो. तो चालतो, पण पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या.

रंग वजनाने मोजा, चमच्याने नको. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरतो. २५० मिली युरियाच्या पाण्याला पिवळा किंवा लाल ५ ग्रॅम, निळा ७ ते ८ ग्रॅम, काळा १५ ते २० ग्रॅम. काळा कमी घेतला की हटकून करडा किंवा जांभळट होतो. आधी भुकटीत चमचाभर पाणी घालून बेसन कालवतो तशी गुठळ्या मोडून पेस्ट करा, मग बाकीचं पाणी. पाणी ४० अंशांच्या वर नको. जुन्या पायमोज्यातून गाळा. न विरघळलेल्या एका कणाचा कापडावर हरभऱ्याएवढा डाग होतो, आणि जांभळ्या किंवा काळ्या मिश्रणात हे लाल ठिपके फार उठून दिसतात.

भुकटी हाताळताना मास्क लावाच. या रंगांची धूळ श्वासात गेली की काहींना दम्यासारखी अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की पुढे थोड्याशा धुळीनेही त्रास होतो. पंखा बंद, खाली ओला कागद, हातात मोजे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

बाटलीतल्या रंगात सोडा जाऊ देऊ नका. सोडा मिसळला की रंग कापडाऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि तास-दोन तासांत निकामी होतो. रंग मात्र तसाच गडद दिसत राहतो, म्हणून फसायला होतं. सोड्याने ओल्या कापडाला बाटलीचं तोंड टेकवून दाबलं आणि सोडलं की थोडं सोड्याचं पाणी आत खेचलं जातं, तेवढंही पुरतं. सोडा नसलेला रंग थंड जागी आठवडाभर टिकतो. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवस धरा.

मोठ्यांच्या टी-शर्टला सगळे रंग मिळून २०० ते २५० मिली लागतात. घडी दोन बोटांनी फाकवून आत बघा, पांढरं दिसलं तर आणखी रंग सोडा. दोन्ही बाजूंनी. खाली जाळी ठेवा, गाठोडं रंगाच्या डबक्यात बसता कामा नये. मग प्रत्येक गाठोडं वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून, २४ तास. पाच तास पुरत नाहीत. तापमान २१ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात प्रश्न नाही, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री गच्चीत ठेवलेलं हमखास कच्चं राहतं. थंडीत पिशव्या जाड गोधडीत गुंडाळून घरात ठेवा.

धुण्याचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. गाठी न सोडता आधी नळाच्या गार धारेखाली धरा, गळणारं पाणी फिकं होईपर्यंत. मग गाठी धारेखालीच सोडा. नंतर प्रत्येक कपडा वेगळा, तीन-चार गार पाण्यांतून, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. तो बुळबुळीतपणा म्हणजे सोडा. तो गेला की मगच गरम पाणी. सोडा असताना गरम पाण्यात टाकलं तर सुटा रंग पांढऱ्यावर पक्का बसतो, आणि सोडा गेल्यावर गरम पाणी वापरलं नाही तर वाया गेलेला रंग तंतूत अडकून राहतो आणि पुढचे दहा धुणी सुटत राहतो. गरम म्हणजे ६० अंश किंवा जास्त, हात घालवणार नाही असं. त्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तो सौम्य लिक्विड साबण, कपडा पंधरा मिनिटं, लाकडी पट्टीने हलवत. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा. लाल आणि टर्कॉइजला (हिरवट निळ्या रंगाला) चार-पाच पाणी लागतात.

सुती_धागा

वरची रीत बरोबर आहे, पण तुमचे अभ्रे त्या रीतीनेही बिघडले असते. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि कापसाचं नैसर्गिक मेणही असतं. पाणीच आत शिरत नाही, तर रंग कुठून शिरणार? रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी लिटरला ५ ग्रॅम सोडा आणि २ ग्रॅम साबण पावडर घालून पाऊण तास उकळा. पाणी कोऱ्या चहासारखं पिवळट तपकिरी होतं, ते सगळं मेण आणि मळ. खळबळून वाळवा आणि वरून पाण्याचा थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत शोषला गेला पाहिजे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा.

नव्या टी-शर्टांना खळ कमी, पण मऊपणासाठी सिलिकॉनचं फिनिश असतं. ते साध्या पाण्याने जात नाही. गरम पाण्यात साबणाने एकदा धुवा, आणि त्या धुण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका.

शिलाई पांढरी राहिली कारण दोरा पॉलिस्टरचा आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंग पॉलिस्टरला लागत नाही. कापडाची खात्री करायची तर आतल्या शिवणीतून चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, मऊ करडी राख होते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मिश्र कापड जळताना दोन्ही दाखवतं. त्यावर फक्त कापसाचा भाग रंगतो, म्हणून सगळे रंग पाणी घातल्यासारखे फिके येतात. व्हिस्कोस, मोडाल, लिनन यांना हे रंग उत्तम लागतात. रेशमालाही लागतात, पण सोडा रेशमाची चमक मारतो. रेशमाला अ‍ॅसिड रंगच घ्या.

पाण्याबद्दल रंगारीणने विचारलंय ते फार नेमकं आहे. बोअरच्या जड पाण्यात सोडा टाकला की पाणी दुधाळ होतं. तो चुना असतो, आणि तो कापडावर बसला की रंगाचे ढग उठतात. जड पाण्यात वाया गेलेला रंग धुऊन काढायलाही त्रास होतो. उपाय: लिटरला १ ते २ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, सोड्याच्या आधी पाण्यात विरघळवायचं. दुकानात एसएचएमपी म्हणा. रंग कालवायला मात्र सरळ फिल्टरचं पाणी घ्या, लागतंच किती!

चौघडी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. पावती सापडली. लाल एम-५बी, पिवळा एम-८जी, निळ्याची सुरुवात एमई ने होते. पाणी बोअर आणि टँकरचं मिसळलेलं. सोडा टाकल्यावर दुधाळ झालं होतं.

रंगारीण

मग निळ्याचं कोडं सुटलं. एम-५बी आणि एम-८जी हे थंड रंग, बाजारात कोल्ड ब्रँड म्हणतात. घरच्या तापमानाला काम करतात. एमई हा वेगळा गट आहे, त्याला ६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. एच अक्षराचे म्हणजे हॉट ब्रँड, त्यांना ८० अंश किंवा वाफ. तुमचा निळा गच्चीत पाच तास कापडावर नुसता बसून होता, जोडला फारसा गेलाच नाही. दुकानात तिन्ही गट शेजारी शेजारी असतात आणि सगळ्यांना रिअ‍ॅक्टिव्हच म्हणतात. म्हणून घेताना "कोल्ड ब्रँड, नुसता एम" असं म्हणा आणि पाकीट स्वतः वाचा. एम नंतर लगेच आकडा किंवा रंगछटेचं अक्षर येतं, जसं एम-२आर नारिंगी, एम-आर निळा. एम नंतर ई दिसलं तर ठेवून द्या. मुंबईत मशीद बंदरला वडगादीत रंगांची घाऊक दुकानं आहेत, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला सोडा-केमिकल मिळतं. सुटा रंग घेतलात तर पुडीवर त्यांच्याकडूनच कोड लिहून घ्या. ओलसर किंवा गोळे झालेली भुकटी घेऊ नका, दमटपणात थंड रंग डब्यातच मरतात. घरी हवाबंद बरणीत ठेवा. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात बरणीत सिलिका जेलची पुडी टाका.

घरात आणलेला एमई निळा फुकट घालवायचा नसेल तर वाफ द्या. रंग सोडून सहा-आठ तास पिशवीत ठेवल्यावर गाठोडं जुन्या सुती कापडात आणि त्यावर कोऱ्या कागदात गुंडाळा, मोदकपात्रासारख्या जाळीवर ठेवून अर्धा तास वाफवा. झाकणाला आतून फडकं बांधा, वाफेचं पाणी गाठोड्यावर ठिबकलं तर तिथे रंग धुपतो. ते भांडं पुन्हा खाण्याला वापरायचं नाही.

टर्कॉइज घ्याल तर एक लक्षात ठेवा, तो थंड गटातला असला तरी संथ आहे. त्याला ४८ तास आणि चांगली ऊब द्या. लाल नेमका उलटा, पहिल्या तासाभरातच बराचसा जोडला जातो. म्हणून लाल आणि टर्कॉइज मिसळून केलेल्या जांभळ्याच्या कडांना निळी किनार येते: लाल जागेवर अडकतो, टर्कॉइज पुढे पसरत राहतो. ती किनार आवडत असेल तर तसंच करा, नको असेल तर एम-आर निळा वापरा.

डाय फिक्सरबद्दल: तो डायरेक्ट रंगांवर थोडा उपयोगी पडतो. किराणा दुकानातल्या पुड्या, उकळत्या पाण्यात मीठ घालून लावायला सांगतात त्या, बहुतेक याच जातीच्या. रिअ‍ॅक्टिव्हवर फिक्सर लावला तर जो वाया गेलेला रंग धुऊन काढायला हवा तोच तो कापडावर धरून ठेवतो. पांढऱ्या भागाचा तर नासच. घेऊ नका.

गाठोडं

गुलाबी झाकेचा थोडा दोष बांधण्याकडेही जातो. चक्रीच्या घड्या तीन-चार सेंटिमीटरपेक्षा उंच झाल्या की आतला भाग कोरा राहतो आणि बाहेर रंगाचं तळं होतं. मध्यबिंदू चिमटीत धरून फिरवताना दुसऱ्या हाताने घड्या सारख्या दाबत राहा, चकती पोळीसारखी सपाट आणि सारख्या जाडीची हवी. तीन रबर बँड एकमेकांना छेदून लावले की सहा फाका पडतात. शेजारच्या फाकांत शेजारचेच रंग घ्या. पिवळ्याला जांभळा भिडला की मधली पट्टी मातकट होते, तो रंग धुण्याने सुधारत नाही.

ठळक पांढरा हवा असेल तर कोरड्या कापडाला बांधा आणि मग सोड्यात बुडवा. बांध जितका रुंद आणि घट्ट, तितका पांढरा स्वच्छ. सुती दोरा रंग पितो आणि आत झिरपवतो. प्लास्टिकची पिशवी बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापून ताणून गुंडाळा, तिच्यावरून दोरा आवळा. गोल हवे असतील तर आत हरभरा, राजमा किंवा गोटी.

बारीक ठिपक्यांची बांधणी करायची तर बाटलीने रंग सोडणं सोडून द्या, घाणाच करा. कच्छ-सौराष्ट्रात, भुज-जामनगरला खत्री कारागीर करतात ती रीत अशीच: फिक्याकडून गडदाकडे. आधी पांढरे राहायचे ठिपके बांधायचे आणि कापड पिवळं रंगवायचं, मग पिवळे राहायचे ते बांधायचे आणि लाल, शेवटी काळा किंवा मरून. आधीचे बांध शेवटपर्यंत सोडायचे नाहीत. शेवटी वाळलेलं कापड दोघांनी दोन्हीकडून ओढलं की दोरे तडतड करत सुटतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही असं ठिपक्यांचं वस्त्र दिसतं, इतकी जुनी ही कला आहे आपल्याकडे.

घाण्याचं प्रमाण १०० ग्रॅम कापडाला: पाणी २ लिटर, थंड रंग ३ ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम, सोडा ४० ग्रॅम. मिठाची जागा इथे आहे. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून घ्या, रंगाच्या पाण्यात टाका, मीठ दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा. अर्ध्या तासाने कापड बाहेर काढा, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा घाण्यात मिसळा, मग कापड परत आत. सोडा सरळ कापडावर ओतला तर तिथे काळपट डाग पडतो. पुढे पाऊण ते एक तास, सतत हलवत. मीठ साधं, आयोडीनचं असलं तरी चालतं.

जांभूळपाडा

याच धाग्यात विचारते: मुलांसोबत करायचं असेल तर हळद, बीट असे स्वयंपाकघरातले रंग चालतील का?

सुती_धागा

खेळ म्हणून चालतील, टिकण्यासाठी नाही. बीटचा रंग एक-दोन धुण्यांत जातो. हळद धुण्यात बऱ्यापैकी टिकते, पण उन्हात आठवड्यात उडते, आणि साबण लागला की लाल होते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यामागे हीच क्रिया. मुलांना ते दाखवायला मात्र फार छान आहे.

टिकणारा वनस्पती रंग हवा तर डाळिंबाची साल. कापडाच्या वजनाच्या १५ टक्के हिरडा पूड पाण्यात कालवून कापड त्यात तासभर भिजवा, वाळवा. मग वजनाच्या १५ टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून रात्रभर. दुसऱ्या दिवशी कापडाइतक्याच वजनाची वाळलेली साल तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास. मोहरीसारखा पिवळा येतो. तुरटी हवी ती इथे.

मुलांबरोबर थंड रंग वापरायचे असतील तर भुकटी आणि सोडा मोठ्यांनी आधीच उरकून ठेवा. मुलांना तयार बाटल्या, हातमोजे आणि पिळून ठेवलेले कपडे द्या. सोड्याने ओलं कापड उघड्या हाताने बराच वेळ धरलं तर कातडी चुरचुरते.

चौघडी

सगळं उतरवून घेतलंय. शेवटचं एकच: आत्ता गुलाबी झालेल्या सहा टी-शर्टांचं काय करू?

रंगारीण

ती गुलाबी झाक दोन प्रकारच्या रंगाची असणार. नुसता चिकटलेला रंग निघेल, सोड्यामुळे जोडला गेलेला निघणार नाही. एक टी-शर्ट घेऊन बघा. फिल्टरचं किंवा एसएचएमपी घातलेलं पाणी उकळी फुटण्याच्या बेताला आणा, चमचाभर सौम्य लिक्विड घाला, गॅस बंद करून त्यात टी-शर्ट वीस मिनिटं. पाणी गुलाबी झालं तर पुन्हा, पाणी नितळ येईपर्यंत. त्यानंतर जो गुलाबी उरेल तो कायमचा. ब्लीचच्या वाटेला जाऊ नका, ते गुलाबीबरोबर बाकीचे रंगही उडवतं आणि कापड विरवतं.

उरलेल्या गुलाबीवर वरून रंग चढवता येतो. टी-शर्ट पुन्हा ६० ग्रॅमच्या सोड्यात भिजवा आणि निळा गेलेल्या जागी थंड गटातला एम-आर निळा रंग बाटलीने सोडा. गुलाबीवर पडलेला निळा जांभळट दिसेल, तेवढं धरून रंग निवडा. पिवळा टाकलात तर केशरी होईल. अभ्रे मात्र आधी सुती_धागा यांनी सांगितलं तसे उकळून घ्या. त्यात आत्ताचा बराचसा रंग जाईल, तो जाऊ द्या.

धुऊन झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. कपडा दमट असताना त्यावर पांढऱ्या मलमलचा ओला तुकडा ठेवा आणि दहा सेकंद गरम इस्त्री दाबा. मलमलवर रंग उमटला तर अजून एक गरम पाणी. उमटला नाही तर कपडा बाकीच्या धुण्यात टाकायला मोकळा. पहिली दोन-तीन धुणी तरीही वेगळी करा आणि वाळत घालताना उलटा करून सावलीत घाला. क्लोरिनचं ब्लीच कायमचं वर्ज्य.